पाडव्याच्या रात्री अकोल्यावरून काय गेले?

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. गुढी उतरवून झाली होती आणि मी खाली जेवायला बसलो होतो. पावणेआठच्या सुमारास शेजारच्या काकूंची वरून हाक आली, "अरे, वर ये लवकर, इमान पेटलं वाटते!" एप्रिलच्या उकाड्यात अकोल्यातली निम्मी घरे रात्री स्लॅबवरच असतात, त्यामुळे काकूंबरोबर सगळी आळी आकाशाकडे बघत उभी होती. मी जिना चढून वर पोहोचलो तेव्हा मात्र तिथे काहीच उरले नव्हते. आदल्या दिवशी अमावास्या झालेली. काळ्याभोर आकाशात फक्त तारे होते.

सहा वर्षांपासून मी अकोल्यावरून जाणारी विमाने आणि उपग्रह टिपतो. टाकीशेजारी अँटेना आहे, खाली छोट्या संगणकावर रिसीव्हर चालू असतो, वहीत नोंदी असतात. एवढे करूनही त्या रात्रीची गोष्ट मी पाहिली नाही, याची रुखरुख आजही आहे. पण मी ती पाहिली नव्हती म्हणूनच पुढचे काम नीट झाले, असेही मला वाटते. मला इतरांना विचारावे लागले, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागला. हे प्रकरण त्या विचारपुशीचे आहे.

आधी विमानाचा प्रश्न

काकूंना विमान वाटले, यात त्यांची चूक नव्हती. नियमित प्रवासी विमान अकोल्यात उतरत नाही, शिवणीच्या धावपट्टीवर तशी सेवाच नाही. तरी आमच्या डोक्यावरून दिवसरात्र विमाने जातात. नकाशा उघडला की कारण समजते. दिल्ली, अकोला आणि बंगळुरू जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, ७७ अंशांच्या आसपास. मुंबई आणि कोलकाता जोडणारी सरळ रेषा अकोल्याच्या थोडी दक्षिणेकडून जाते. सव्वाचार लाख वस्तीच्या (२०११ च्या जनगणनेप्रमाणे) आमच्या गावावर देशातल्या दोन मोठ्या वाटांचा चौक आहे, आणि गावातल्या बहुतेकांना याची कल्पना नाही.

ही विमाने स्वतःच बोलतात. त्यांच्यातला ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा आपली जागा सांगतो. उंची, वेग, दिशा, उड्डाणाची खूण आणि त्या विमानाचा जगात एकमेव असलेला चोवीस बिटांचा क्रमांकही तो प्रसारित करतो. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. त्यात काही गुप्त नाही. साधा रिसीव्हर आणि उंचावर बांधलेली अँटेना असली की पस्तीस हजार फुटांवरचे विमान तीनशे किलोमीटरवरूनही ऐकू येते. पृथ्वीच्या गोलाईमुळे ते क्षितिजाखाली गेले की आवाज थांबतो.

म्हणून त्या रात्री पहिले काम सोपे होते. साडेसातपासूनची नोंद उघडली. टप्प्यात असलेले प्रत्येक विमान आपल्या वाटेने, आपल्या उंचीवर, शेवटपर्यंत बोलत गेलेले दिसले. एकही अचानक गप्प झाले नव्हते, एकाचीही उंची झपाट्याने घटली नव्हती. आठ वाजायच्या आत मी काकूंना आणि फोन करणाऱ्या इतरांना सांगू शकलो की विमान पडलेले नाही. एका घरचा मुलगा त्याच वेळी बंगळुरूहून दिल्लीला निघालेला होता. त्याच्या आईच्या आवाजातला फरक मला फोनवर ऐकू आला. रिसीव्हर लावल्याचे त्या एका क्षणात सार्थक झाले.

पण नोंदीने जे काय नव्हते तेवढेच सांगितले. जे जळत गेले ते काहीच बोलले नव्हते. मेलेल्या वस्तूंना ट्रान्सपॉन्डर नसतो.

तीन गावांची मूठ

त्या रात्री मोबाइलवर चित्रफितींचा पूर आला. जळगाव, बुलडाणा, अकोला, नागपूर, चंद्रपूर, पलीकडे मध्य प्रदेशातून बडवानी, झाबुआ. सगळ्यांत तेच दृश्य होते: केशरी-पांढरे ठिपके, प्रत्येकाला लांब शेपूट, सगळे एकाच दिशेने, एकमेकांना न ओलांडता, जत्रेतल्या दिंडीसारखे जाणारे. आणि जवळजवळ प्रत्येक फितीत कुणीतरी म्हणत होते, "ते पाहा, तिकडं मागच्या वावरात पडलं."

हा डोळ्यांचा जुना भ्रम आहे. अंधारात, ओळखीच्या कशाशीही तुलना नसताना, माणसाला उजेडाचे अंतर कळत नाही. सत्तर-ऐंशी किलोमीटर उंचीवरची जळती वस्तू हजार किलोमीटरवरूनही क्षितिजाशी दिसू शकते, आणि ती क्षितिजाआड गेली की शेजारच्या शिवारात पडल्यासारखी वाटते. त्यामुळे "कुठे पडले" हा प्रश्न विचारून उपयोग नसतो. विचारायचे ते असे: तुम्ही कुठे उभे होतात, तोंड कोणत्या दिशेला होते, आणि ते क्षितिजापासून किती मुठी वर होते?

हात ताठ लांब करून मूठ वळली की ती डोळ्यांसमोर साधारण दहा अंश झाकते. क्षितिजापासून थेट माथ्यापर्यंत नऊ मुठी. लहान मुलाची मूठ लहान, पण हातही आखूड, म्हणून हिशेब जमतो. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशीही मोजता येते, फक्त माणसाने त्याच जागी उभे राहायला हवे. रविवारी सकाळी काकूंना पुन्हा स्लॅबवर नेले. त्यांनी हात वर केला: उत्तरेला, पाच मुठींच्या थोडे वर. पंचावन्न अंश धरले.

मग खंडव्याला मावसभावाला फोन केला. अकोल्याचे खंडव्याशी नाते जुन्या मीटरगेज गाडीचे आहे. मेळघाटातून जाणाऱ्या त्या गाडीने कित्येक सोयरिकी जमवल्या. भाऊ पोहायला नदीवर गेलेला, परत आल्यावर अंगणात उभा राहून त्याने मोजले. त्याने सांगितलेली दिशा ऐकून मी खुर्चीतून उठलोच. त्याने ते दक्षिणेला पाहिले होते, सहा मुठींवर.

अकोल्याहून उत्तरेला आणि खंडव्याहून दक्षिणेला, म्हणजे ते या दोन गावांच्या मधून गेले. मेळघाटाच्या डोक्यावरून. त्याच्या वाटेला काटकोनात मोजले तर दोन्ही गावांत साधारण ९५ किलोमीटरचे आडवे अंतर पडते. एकीकडून पंचावन्न अंश, दुसरीकडून साठ. शाळेतल्या त्रिकोणमितीने उंची निघाली सुमारे ७५ किलोमीटर.

हा आकडा अचूक आहे असे मी मुळीच म्हणत नाही. दोघांची मूठ एकेका मुठीने चुकली असे धरून मी हिशेब पुन्हा केला. दोघांनीही दहा अंश जास्त सांगितले असतील तर उंची पन्नासच्या आसपास येते, कमी सांगितले असतील तर एकशेदहाच्या पुढे जाते. पण या ढोबळ मोजणीची ताकद पाहा. प्रवासी विमान उडते दहा-अकरा किलोमीटरवर. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक फिरते चारशेच्या वर. आपले उत्तर कितीही चुकले तरी ना विमानापर्यंत खाली येते ना उपग्रहापर्यंत वर जाते. जिथे हवा इतकी विरळ की विमान तरंगू शकत नाही, आणि इतकी दाट की उपग्रह टिकू शकत नाही, त्या मधल्या पट्ट्यात ते जळत होते.

उरली उल्का. तिथे वेग कामाला आला. पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलाने काढलेल्या फितीत पाण्याची टाकी आणि कडुलिंब दोन्ही स्पष्ट दिसत होते. टाकीपासून कडुलिंबापर्यंत दहा मुठी, आणि त्या पार करायला ठिपक्यांना लागलेली वेळ अर्धा मिनिट. ७५ किलोमीटर उंची आणि काकूंच्या दिशेवरून हिशेब केला तर तेवढ्या वेळात ते दोनशेहून थोडे अधिक किलोमीटर गेले. सेकंदाला साधारण सात किलोमीटर.

उल्का पृथ्वीच्या वातावरणात शिरते ती किमान अकरा किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने, बहुतेकदा त्याहून कितीतरी जास्त, आणि एक-दोन सेकंदांत संपते. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरणारी वस्तू मात्र पावणेआठ किलोमीटरच्या आसपास असते आणि हवेत शिरताना थोडी मंदावते. आडवी, लांबलचक, तुकडे पडत जाणारी, अर्धा-एक मिनिट दिसणारी आग म्हणजे कक्षेतून खाली आलेली माणसाची वस्तू. रविवारी दुपारी मी वहीत एवढे लिहून ठेवले होते. तोवर चंद्रपूरच्या बातमीने हे सगळे मागे टाकले होते.

लाडबोरी

चंद्रपूर जिल्ह्यातला सिंदेवाही तालुका, ताडोबाच्या पूर्वेला, धानाचा प्रदेश. अकोल्याहून सरळ रेषेत सुमारे २८० किलोमीटर. त्या तालुक्यातल्या लाडबोरी गावात त्या संध्याकाळी सामूहिक जेवणाची तयारी चालू होती. आकाश लाल झाले आणि पावणेआठ-आठच्या दरम्यान धातूचे एक मोठे कडे गावातल्या मोकळ्या जागेत मोठा आवाज करत आदळले. व्यास दोन ते तीन मीटर, वजन चाळीस किलोंहून जास्त. स्फोट होईल या भीतीने लोक घरांत पळाले आणि जवळपास अर्धा तास बाहेर आले नाहीत. तालुक्यातच दुसरीकडे धातूचा एक गोळाही सापडला, साधारण अर्धा मीटर व्यासाचा. पुढच्या दिवसांत आणखी गोळे मिळाले. कोणी जखमी झाले नाही, घराचेही नुकसान झाले नाही.

"कोणी जखमी झाले नाही" हे वाक्य बातमीत एका ओळीत संपते. मला ते तसे संपवता येत नाही. चाळीस किलोंचे कडे, स्वयंपाकाच्या चुली पेटलेल्या, मुले इकडेतिकडे पळणारी, आणि मध्ये मोकळी जागा होती म्हणून सगळे वाचले. ती जागा तिथे असणे हा निव्वळ योग होता.

आमच्या मोजणीशी ही जागा जुळते का, ते मी पाहिले. नागपूरच्या एका मित्राने ते दक्षिणेला चार मुठींवर पाहिले होते. तोवर ते साठेक किलोमीटर उंचीपर्यंत उतरले असे धरले, तर नागपूरच्या सत्तर-एक किलोमीटर दक्षिणेकडून वाट गेली. अकोल्याच्या उत्तरेला पन्नास किलोमीटरवरचा बिंदू आणि नागपूरच्या दक्षिणेचा हा बिंदू जोडून रेघ पुढे वाढवली, ती सिंदेवाहीजवळून गेली. पट्टी ठेवून पेन्सिल ओढत होतो, हात थरथरत होता. तीन माणसांच्या मुठी आणि त्या टोकाला एक खरोखरचे कडे.

वेळही जुळली. उजेड दिसला त्यानंतर काही मिनिटांनी कडे पडले. तुकडे साठ-सत्तर किलोमीटरवर वेग गमावतात, विझतात, आणि मग काळोखात नुसते पडत राहतात. मोठे, पोकळ, हलके भाग वरच मंदावतात म्हणून पुरते तापत नाहीत. जड आणि भरीव भाग पुढे जाऊन जास्त जळतात. गोळे वाचण्याचे कारणही असेच. अग्निबाणात दाबाखाली हेलियमसारखा वायू ठेवायला अशा गोल टाक्या असतात, आणि त्या बनवलेल्याच असतात प्रचंड ताण सोसायला. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, टायटेनियम १६०० च्या पुढे. जगभर अग्निबाणांचे जे अवशेष सापडतात त्यांत हे गोळे वारंवार असतात.

कोणाचा अग्निबाण?

पहिल्या रात्री एक नाव सगळीकडे फिरले: रॉकेट लॅब कंपनीचा इलेक्ट्रॉन. अंदाज अगदीच निराधार नव्हता. त्याच संध्याकाळी भारतीय वेळेनुसार सहा वाजून गेल्यावर न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरून इलेक्ट्रॉनने उपग्रह घेऊन उड्डाण केले होते. दीड तासाने महाराष्ट्रात आग दिसली, तेव्हा जाणकारांनीही दोन्ही गोष्टी जोडल्या. मीही शनिवारी रात्री हेच मानून झोपलो.

चूक लक्षात आली ती कड्याच्या मापामुळे. इलेक्ट्रॉन हा लहान अग्निबाण आहे. त्याचा व्यास १.२ मीटर. त्यातून दोन-तीन मीटरचे कडे निघूच शकत नाही. त्याचा पहिला, म्हणजे सर्वांत खालचा टप्पा तर कक्षेत पोहोचतच नाही, तो न्यूझीलंडजवळच समुद्रात पडतो. मोजपट्टी हातात असलेल्या कोणालाही लाडबोरीत उभे राहून इलेक्ट्रॉन नाकारता आला असता.

दुसरे नाव त्याच रात्री अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी दिले होते. उपग्रह आणि अग्निबाणांच्या नोंदी ठेवण्यात त्यांचा शब्द मानला जातो. त्यांच्या मते हा चीनच्या चांग झेंग ३बी अग्निबाणाचा, वाय-७७ या अनुक्रमांकाचा, तिसरा टप्पा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेला. तो त्याच तासाभरात खाली येणे अपेक्षित होते आणि त्याचा मार्ग दिसलेल्या आगीशी चांगला जुळत होता.

मी माझ्या वहीवरून तपासून पाहिले. या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास तीन मीटर. कडे बसले. मग दिशा. चांग झेंग ३बी सिचुआन प्रांतातल्या शीचांगहून उडतो, ते ठिकाण साधारण २८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून पूर्वेला सोडलेल्या वस्तूची कक्षा विषुववृत्ताशी साधारण तेवढाच कोन करते. अशी वस्तू २१ अंश अक्षांशावरून दक्षिणेकडे उतरत असेल तर तिची वाट पूर्वेपासून एकोणीस-वीस अंश दक्षिणेकडे कललेली असली पाहिजे. पेन्सिलच्या रेघेला कोनमापक लावला. वीस.

एक गोष्ट पुष्कळांनी विचारली: फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेली वस्तू चौदा महिने कुठे होती? हा टप्पा भूस्थिर उपग्रहांसाठी वापरला जातो. तो उपग्रहाला लांबट कक्षेत सोडतो, जिचे पृथ्वीजवळचे टोक (उपभू बिंदू) दोनेकशे किलोमीटरवर असते आणि दूरचे टोक (अपभू बिंदू) पस्तीस हजारांच्या वर. उपग्रह पुढे आपल्या जागी जातो, रिकामा टप्पा त्याच लांबट वाटेवर फिरत राहतो. दर फेरीत पृथ्वीजवळून जाताना विरळ हवा त्याला किंचित घासते. प्रत्येक घासणीत दूरचे टोक थोडे जवळ येते. महिन्यांमागून महिने लंबगोल आक्रसत वर्तुळ होतो, आणि वर्तुळ झाला की शेवट काही दिवसांत. त्याला चालवणारे कोणी नसते. कोणत्या देशावर, कोणत्या गावावर, हे ठरवणारेही कोणी नसते.

हे असे सोडून देणे मला मान्य नाही. अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यात थोडे इंधन राखून त्याला ठरवून निर्जन महासागरात उतरवता येते. अनेक मोहिमांत तसे केले जाते. ते महाग आहे, वजन वाढते, कक्षेनुसार अवघडही असते, हे सगळे खरे आहे. तरीही तो खर्च वाचवण्याची जोखीम लाडबोरीच्या चुलीजवळ बसलेल्या बाईच्या माथी मारली जाते, आणि तिला कोणी विचारलेले नसते. यात आपला देशही वेगळा नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रीन हेडच्या किनाऱ्यावर एक मोठा दंडगोल वाहून आला, आणि तो बहुधा आपल्या पीएसएलव्ही अग्निबाणाचा असल्याचे ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने सांगितले.

कायदा मात्र पन्नास वर्षांपूर्वीच झाला आहे. १९७२ च्या उत्तरदायित्व करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान झाले तर सोडणारा देश पूर्णपणे जबाबदार असतो, त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ कॅनडाच्या उत्तर भागात पडला तेव्हा कॅनडाने भरपाई मागितली आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलर मिळाले. लाडबोरीत नुकसान झाले नाही, म्हणून मागण्यासारखे काही नव्हते. अर्ध्या तासाची भीती कोणत्याही करारात मोजलेली नाही. तुकडे प्रशासनाने ताब्यात घेतले आणि काही दिवसांनी इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन पाहणी केली.

आधी कळले असते का?

सगळ्यात जास्त मला हाच प्रश्न विचारला गेला. शेजारच्या आजोबांनी तर थेट १९७९ आठवले. स्कायलॅब पडणार म्हणून महिनाभर रेडिओवर बातम्या होत्या, गावोगावी लोक धास्तावले होते, आणि ११ जुलैला ती पडली ऑस्ट्रेलियात. "तेव्हा एवढं सांगत होते, आता काहीच का नाही सांगितलं?"

आजोबांना दिलेले उत्तर इथे लिहितो. ही वस्तू पडणार हे माहीत होते. अमेरिकी लष्कराचे रडार अशा वस्तूंचा माग ठेवतात आणि कोणती कधी खाली येईल याची यादी प्रसिद्ध होते. पण कक्षेतली वस्तू एका मिनिटात सुमारे ४६० किलोमीटर जाते. दीड तासात पृथ्वीची एक फेरी. वरच्या हवेची घनता सूर्याच्या लहरीनुसार बदलते, आणि वस्तू गडगडत असेल तर तिला लागणारा रोधही बदलतो. त्यामुळे अगदी शेवटच्या तासातल्या अंदाजातही पाच-दहा मिनिटांची चूक सहज राहते. दहा मिनिटे म्हणजे साडेचार हजार किलोमीटर. अरबस्तानापासून बंगालच्या उपसागरापलीकडेपर्यंत कुठेही. एवढ्या पट्ट्यातल्या प्रत्येक गावाला घरात बसा म्हणून सांगणे कोणालाही शक्य नव्हते.

पण जे शक्य होते ते मी केले नाही, तेही सांगायला हवे. ती यादी उघडी होती. मी दर संध्याकाळी अवकाश स्थानकाची वेळ बघायचो, स्टारलिंक उपग्रहांच्या रांगा बघायचो, पडणाऱ्या वस्तूंची यादी कधी उघडायचो नाही. शनिवारी संध्याकाळी ती उघडली असती तर "आज पावणेआठच्या मागेपुढे पश्चिमेकडून पूर्वेकडे काही जळत जाऊ शकते, घाबरू नका, वेळ आणि दिशा लिहा, पडलेल्या वस्तूला हात लावू नका" एवढे आळीला तरी सांगता आले असते. हात न लावण्याची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण अनेक यानांच्या छोट्या इंजिनांत हायड्रॅझिन वापरतात आणि ते विषारी असते. लोक मात्र त्या गोळ्यांभोवती गर्दी करून उभे राहिलेले सगळ्यांनी पाहिले.

शिवाय रात्री मी जो प्रयत्न केला तो फसला. माझ्या संगणकात त्या टप्प्याच्या कक्षेचे आकडे होते, पण तीन दिवस जुने. ते घालून पाहिले तर पावणेआठला तो टप्पा भारताच्या जवळपासही दिसेना, म्हणून मी त्याचे नाव खोडले. कक्षा न बदलणाऱ्या उपग्रहाला तीन दिवस जुने आकडे चालतात. पडत आलेल्या वस्तूला नाहीत. तिची फेरी दर वेळी काही सेकंदांनी आखूड होते आणि त्या चुका साठत जातात. शेवटच्या दिवसात तर सकाळचे आकडे संध्याकाळी निरुपयोगी असतात. आता आकडे कधीचे आहेत ते मी आधी पाहतो आणि मगच कशाला हो किंवा नाही म्हणतो.

नंतर

चाळीस दिवसांनी, १२ मे २०२२ ला, गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या गावांत धातूचे गोळे पडले. भालेज, खंभोळज, रामपुरा. पुन्हा चांग झेंग ३बीचाच तिसरा टप्पा असावा असे मॅकडॉवेल यांनी सांगितले, फक्त अनुक्रमांक वेगळा. दोन महिन्यांत पश्चिम आणि मध्य भारतात दोनदा. त्याच वर्षी ११ जुलैला बंगळुरूत इस्रोने अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवण्यासाठी आयएस४ओएम हे केंद्र राष्ट्राला अर्पण केले. श्रीहरिकोट्याचे अनेक वस्तूंचा माग घेणारे रडारही या कामात आहे. आपले स्वतःचे डोळे हवेत, हे मला अगदी मनापासून वाटते. दुसऱ्या देशाच्या यादीवर अवलंबून राहिले की वस्तू आपल्यावरून गेल्यावरच आपल्याला कळते.

आमच्या आळीत त्यानंतर एवढाच बदल झाला की पडणाऱ्या वस्तूंची यादी मी रोज संध्याकाळी उघडतो. कल्पना येण्याजोगे काही असेल तर फळ्यावर लिहितो. खडूने लिहिलेली ती वेळ बहुतेकदा फुकट जाते, वस्तू पॅसिफिकवर नाहीतर आफ्रिकेवर जळून जाते. तरी पोरे वर येतात. त्यांना आता फरक सांगावा लागत नाही. लाल-हिरवे लुकलुकले की विमान, आणि माझ्या पडद्यावर त्याचे नाव. न लुकलुकता शांत सरकत गेले आणि मध्येच सावलीत विझले की उपग्रह. चटकन रेघ मारून गेली की उल्का.

काकूंनी मात्र एक सवय लावून घेतली आहे. गेल्या दिवाळीत रात्री त्यांचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही, पहिले वाक्य: "आठ वाजून बावीस मिनिटं, ईशान्येला, तीन मुठी." मी पडदा पाहिला. दिल्लीहून येणारे विमान होते. तसे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बरं झालं, सांगून ठेवलं." आणि फोन ठेवला.